जुना नंबर

शेकडा नऊ. एका पार्सलमागे जावयाचे एवढेच वाचत होते, आणि तेवढ्यासाठी तो दीड वर्ष जीव मुठीत धरून बसला होता.

त्याच्या घरात काचेची टाकी होती आणि तिच्यात अकरा मासे. माशांना लागणारं सगळं, म्हणजे पंप, गाळण्या, रंगीत खडे, तो परदेशातून ऑनलाइन मागवायचा. पूर्वी असल्या किरकोळ मालाला कर नव्हता. तीन वर्षांपूर्वी नियम बदलला. मूठभर खडे मागवले तरी पैसे भरतानाच नऊ टक्के कापून घेणार. सूट फक्त दुकानदाराला. त्याने दुकानाचा नोंदणी नंबर टाकायचा, की कर नाही; दुकानात माल विकला जाईल तेव्हा भरायचा.

जावयाला दुकान नव्हतं. सासऱ्यांना होतं. घड्याळ दुरुस्तीचं, आठ फुटी, आणि नियमाप्रमाणे नंबर दर्शनी भिंतीवर फ्रेम करून लावलेला. घड्याळाचा पट्टा बदलून घेता घेता जावयाने तो पाठ केला. तेव्हापासून एकोणीस पार्सलं झाली होती.

आता सासऱ्यांचा हात कापायला लागला. एक दिवस ते म्हणाले, "जावईबापू, दुकान तुम्हीच घ्या. मोबाइल दुरुस्त करता, पण दुसऱ्याच्या काउंटरवर. किती दिवस?"

फुकटचं दुकान. आंधळा मागतो एक डोळा, आणि देव देतो दोन. कागद तयार झाले, आणि अडलं एका रकान्यावर.

"नंबर मी बंद करून टाकतो," सासरे म्हणाले. "तुम्ही तुमचा नवा काढा."

"बंद करतात म्हणजे काय करतात?"

"काही नाही हो. अर्ज द्यायचा. त्या नंबरावर आजवर काय काय आलं ते एकदा तपासतात आणि शिक्का मारतात. माझं काय असणार? चार स्प्रिंगा नि सेल."

जावयाने मनातल्या मनात हिशेब केला. कर असा किती निघाला असता? दोघांच्या एका जेवणाएवढा. पण ती यादी सासऱ्यांच्या हातात पडणार, तिच्यात खडे दिसणार. आणि हा माणूस म्हणजे, 'बिल नको, कर कशाला लावता' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला पायरी उतरवणारा. कर बुडवून घेतलेली वस्तू अंगी लागत नाही, हे त्यांचं वाक्य बायकोने लग्नाआधीच ऐकवून ठेवलं होतं. खडे पाहून त्यांनी दुकान दिलं असतं?

"बाबा, जुनाच नंबर माझ्या नावावर करू या ना."

"कशाला ते जुनं लचांड? नवा स्वच्छ मिळतो."

"तुमची आठवण राहील."

"आठवणीला भिंतीवरचं घड्याळ घ्या."

असे तीन रविवार गेले. सासरे चष्मा पुसायचे, फॉर्म उलटा धरायचे, परत सुलटा करायचे आणि पहिल्यापासून मोठ्याने वाचायचे. जावई दात-ओठ खाऊन 'हो बाबा' म्हणायचा.

"हे बघा, इथे छापलंय. नंबर घेणाऱ्याच्या गळ्यात मागचं सगळं देणं पडेल. नीट वाचा हं."

जावयाने वाचलं. मागचं देणं म्हणजे चार स्प्रिंगा आणि आपलेच खडे. त्याला हसू आवरेना.

घरी बायको वैतागली. "बाबा स्वतः नवा काढा म्हणताहेत, तर काढ की. तुझं हे काय घोडं अडलंय?"

"तुला व्यवहारातलं कळत नाही."

"नाही कळत. मला एवढंच कळतं, की बाबा ज्याला नको म्हणतात ते बहुतेक नको असतं."

चौथ्या रविवारी सासऱ्यांनी हात टेकले. "तुमच्या हट्टापुढे माझं काय चालणार? पण एक करा, लिहून द्या. उद्या मुलगी मला बोलायला नको."

जावयाने ऐटीत लिहून दिलं. सासरे नको म्हणत असताना नंबर मी आपणहून मागून घेतला आहे. खाली सही. सासऱ्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दुकान उघडून बारा दिवस झाले. तेराव्या दिवशी कर कार्यालयातल्या बाई आल्या, स्टूल ओढून बसल्या.

"मालक बदलला ना, म्हणून तपासणी."

"अहो, नंबर बंद केला तरच तपासता ना?"

"दोन्हीला. फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलंय."

तीन रविवार फॉर्मची एकच बाजू वाचली गेली होती. जावयाने कपाळावर हात मारला. मग त्याला सुचलं, की बाई इथे आहेत आणि सासरे घरी. आत्ताच भरून टाकलं तर त्यांना कळायचं कारणच नाही. त्याने पाकीट काढलं.

"खडे ना? माझेच आहेत. पंपसुद्धा. चूक झाली. काय दंड असेल तो सांगा, लगेच भरतो."

बाईंनी कागदांचा गठ्ठा काउंटरवर ठेवला. "यादी पत्त्यांनुसार लावलीय. खडे शेवटच्या पानावर आहेत."

जावयाने पहिलं पान पाहिलं. तारीख, कर लागू झाला त्याच आठवड्यातली. पडदे. पाठ शेकायची पट्टी. मिक्सरची भांडी. उशा, चार. दुसऱ्या पानावर पुन्हा उशा. त्याने अकरा पानं उलटली आणि प्रत्येक ओळीपुढचा पोचवल्याचा पत्ता वाचत गेला.

एकूण पार्सलं तीनशे बेचाळीस. जावयाची एकोणीस, सासऱ्यांची तीनशे तेवीस, आणि भरणारा एकच.