पाचवं मत

"अर्ज सातवा, डॉक्टर सुप्रीता," विमलाबाईंनी वाचलं आणि विश्वेश्वर खुर्चीतून उठले. टेबलावरचा चष्मा त्यांनी खिशात घातला आणि दार ओढून घेत ते बाहेर गेले.

बोलायला उभी राहिलेली सुप्रीता तशीच थांबली.

"तुम्ही बोला," विमलाबाई म्हणाल्या.

बंगळूरच्या चामराजपेटमधलं सहोदर प्रतिष्ठान आपल्या समाजातल्या अडलेल्या घरांना मदत करायचं. त्याची समिती पाच जणांची. विश्वेश्वर अध्यक्ष होते. साठी ओलांडलेला शांत माणूस, एप्रिलच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा. सकाळपासून कुटुंबांचे सहा अर्ज झाले होते आणि प्रत्येकासाठी ते भांडले होते. रिक्षा चालवणाऱ्या उमाजीचा अर्ज आला तेव्हा समितीतले कृष्णाजी म्हणाले होते, "ह्यांना गेल्या वर्षीच मदत केलीय की."

"डायलिसिसहून आलेल्या माणसाला दोन जिने चढवत नाहीत कृष्णाजी," विश्वेश्वर म्हणाले होते. "त्यांना खालच्या मजल्यावर घर बघून द्या. मुलीचं कॉलेजही थांबता कामा नये."

बाकावर बसून ऐकताना सुप्रीताला वाटलं होतं, हा माणूस आपलं नक्की ऐकेल.

आता रिकाम्या खुर्चीकडे न बघता ती बोलली. आपल्या समाजातल्या काही घरांत चाळिशी-पन्नाशीत मूत्रपिंडं निकामी होतात. आधी बापाची, मग मुलाची. घरोघरचं रक्त तपासायला पैसे मिळाले आणि त्यात ह्याचं मूळ सापडलं, तर पुढच्या पिढीला वेळेवर सावध करता येईल.

"संशोधनाला वर्षं लागतात," कृष्णाजी म्हणाले. "माणसं आज आजारी आहेत."

दोन हात वर झाले, दोन झाले नाहीत. बरोबरी झाली की अर्ज नामंजूर, असा नियम होता.

बाहेर व्हरांड्यात विश्वेश्वर उभे होते. कुणीतरी आणून दिलेल्या कॉफीचे दोन घोट घेऊन त्यांनी पेला परत केला.

"मला तुम्हाला भेटायचंय," सुप्रीता म्हणाली. "मंगळवारी येऊ?"

"मंगळवारी नको. गुरुवार, शनिवारही नको. बाकी कधीही या."

ती गेलीच नाही. ज्याला ऐकायचंच नाही त्याला काय सांगायचं?

त्याऐवजी घराघरातल्या आजाराची माहिती गोळा करायला ती उमाजीच्या घरी गेली. प्रतिष्ठानने खरंच खालच्या मजल्यावर घर बघून दिलं होतं. उमाजीची बायको सगुणाबाई आधी दारातच बोलली. "रक्त घेऊन काय करणार तुम्ही? नवरा बरा होणार का?"

"नाही," सुप्रीता म्हणाली. "खोटं सांगणार नाही."

सगुणाबाई दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "सरी, बरं. आत या."

वर्षभर सुप्रीता सुटीच्या दिवशी घरं हिंडली. उमाजीची मुलगी चंदना तिच्याबरोबर असायची. कोणाच्या घरी कोण आजारी, कोण कशाने गेलं, हे तिला माहीत असायचं. कुठे मुलाचे वर्ग, कुठे इस्पितळात न्यायला गाडी, कुठे घरी बसून करायचं काम. जिथं जाल तिथं प्रतिष्ठानचा हात होता. लोक विश्वेश्वरांचं नाव घेताना आवाज खाली आणत. सुप्रीताला त्यांचा आदर वाटायचा आणि तेवढाच रागही यायचा.

पुढच्या एप्रिलात पुन्हा रविवारची बैठक भरली. तिचं नाव वाचलं गेलं. विश्वेश्वर उठले.

या वेळी सुप्रीता दारात आडवी उभी राहिली. "अण्णा, मागच्या वेळी एका मतानं गेलं."

"ठाऊक आहे."

"तुमच्या मतानं."

"ठाऊक आहे मला."

"मग बसा की! विरोध असेल तर तोंडावर करा."

विमलाबाईंनी मान खाली घातली.

"तुम्हाला पटवायचंय ते ह्या चौघांना," विश्वेश्वर हळू आवाजात म्हणाले. "मला नव्हे. वाट द्या, अम्मा."

ती बाजूला झाली. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे तिला पुढचं बोलता येईना. तेव्हा मागच्या बाकावरून सगुणाबाई उठली.

"मी बोलू स्वल्प? गाडी दिली, घर दिलं, विसरणार नाही कधी. नवऱ्याची मूत्रपिंडं गेली ती गेली. पण माझी चंदना एकोणीस वर्षांची आहे. ती जेवायला बसली की मी तिच्या तोंडाकडं बघते. पाय सुजले का, चेहरा सुजला का. रोज बघते. हे बघणं थांबवायला तुमच्याकडं दुसरं काय आहे, सांगा अण्णा."

तिने विचारलं होतं ते कृष्णाजींना. त्यांनी समोरचा अर्ज पुन्हा जवळ ओढला. मग त्यांनी हात वर केला.

तीन विरुद्ध एक.

सुप्रीता धावतच व्हरांड्यात आली. तिथं कुणी नव्हतं.

परवानग्या हाती यायला जून उजाडला. एका शनिवारी सकाळी ती संमतीपत्रांचा गठ्ठा घेऊन डायलिसिसच्या दालनात शिरली. सगळ्यांत आधी उमाजीने हसून हात पुढे केला. त्याच्या नळ्या सांभाळत नर्स रम्याने कागद धरला, त्याने सही केली.

"डॉक्टर, आता खिडकीजवळच्या बेडकडे चला," रम्या म्हणाली. "ते सात वर्षं इथं येतायत. वडील आणि थोरला भाऊ ह्याच रोगानं गेले. मुलाचं अजून तपासलेलं नाही. तुम्ही येणार म्हणून सकाळपासून विचारतायत."

सुप्रीताने पडदा सारला.

"या डॉक्टर," उशीवरून मान उचलत विश्वेश्वर म्हणाले. "माझ्याच घरच्या रोगावर मी मत कसं देणार होतो? सही कुठं करू?"