बाल्कनीवाली केबिन

"बाल्कनीचा कठडा किती उंच असतो?" कंत्राटदाराने विचारलं.

ट्रॅव्हल एजंटने जहाजाचा फोटो त्याच्याकडे फिरवला. पांढरंशुभ्र आलिशान जहाज, परदेशातली रुंद नदी, दोन्ही काठांना डोंगर. "कमरेच्या आसपास, साहेब. खुर्चीत बसल्या बसल्या नदी दिसली पाहिजे ना."

"आणि पाण्याला ओढ?"

"ओढ म्हणजे, बर्फ वितळून येणारं पाणी ते. पण तुम्हाला कुठे पोहायचंय?" एजंट आपल्याच विनोदावर खूश झाला.

कंत्राटदारही हसला. शेजारी बसलेली बायको हसली नाही. फुटलेल्या ओठांनी हसणं जड जातं. तिने तोंडावर रुमाल धरला होता. दाढ दुखतेय, असं त्याने दारातच सांगून टाकलं होतं.

तिला पोहता येत नव्हतं. तिकडची भाषा येत नव्हती. परक्या मुलखात एक परकी बाई पाण्यात पडली तर तिथले पोलीस चार कागद रंगवतील आणि हळहळत नवऱ्याला विमानात बसवून देतील, असा त्याचा हिशेब होता. इथे मात्र तिला काही झालं असतं तर लोकांनी पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवलं असतं. शेजाऱ्यांना भिंतींपलीकडचं ऐकू येत होतं.

मागच्या वर्षी त्याने साइटवरच्या वॉचमनला सळईने मारलं होतं. उलट बोलला, एवढंच कारण. माणूस जागच्या जागी गेला. स्लॅबवरून पाय घसरला, असं सगळ्यांनी मान्य केलं. पण त्या दिवशीचा शर्ट बायकोने धुतला होता. आणि हल्ली मार खाताना ती रडत नव्हती, नुसती त्याच्याकडे बघत राहायची. ते बघणं त्याच्या डोक्यात जायचं.

घरी आल्यावर बायको आत गेली. आई हॉलमध्ये भाजी निवडत बसली होती.

जगात त्याचा भरवसा एकट्या आईवर. वडिलांनी तिचे पुढचे दोन दात पाडले होते, तरी तिने त्यांच्याविरुद्ध कधी चकार शब्द काढला नव्हता. तो शाळेत असताना वडील जिन्यावरून पडून गेले, तेव्हाही ती तोंडाला पदर लावून मुकाट बसली होती. पोटात गोष्ट ठेवणारं माणूस. म्हणून त्याने तिला सगळं सांगितलं होतं.

"ठरलं का रे?"

"केबिन बघून आलो. एजंट फोन करेल, मग पक्कं."

"तिला संशय?"

"तिला कसला संशय? परदेशी फिरायला नेतोय, पाया पडायला हवं तिने माझ्या."

"अगदी वडिलांवर गेलास," आई म्हणाली. तो सुखावला.

"तू मागाहून कच खाणार नाहीस ना, आई?"

"मी कशाला कच खाऊ? रोजची मारझोड, रोजचा आरडाओरडा. जीव विटला माझा. एकदाचं उरकलं की आपण सुटू."

त्याने मान वळवली. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"चोरून ऐकतेस?" त्याने ट्रेला लाथ घातली. गरम चहा तिच्या हातांवर उडाला. मग केस धरून त्याने तिचं डोकं चौकटीवर आपटलं, आणि पुन्हा एकदा आपटलं. ती आवाज न करता खाली बसली. कपाळातून रक्त भुवईवर उतरलं.

"पुरे," आई भाजीवरून नजर न काढता म्हणाली. "पासपोर्टवरचा चेहरा ओळखू यायला हवा."

त्याला हसू फुटलं. म्हातारीचं डोकं अजून तल्लख होतं.

"मला काळजी एकच," आई हात झटकत उठली. "ऐन वेळी तिने तुझी मान धरली तर? तुला घेऊन जाईल बरोबर. करणार कसं, ते दाखव तरी."

तो तिला गॅलरीत घेऊन गेला. इमारत त्यानेच बांधलेली. कठडे नियमापेक्षा वीतभर ठेंगणे ठेवून त्याने लोखंड वाचवलं होतं. सहा मजले खाली पार्किंगची फरशी उन्हात तापत होती.

"कठडा साधारण असाच. तिला म्हणायचं, बघ, खाली मासे. ती वाकली की झालं."

"वाकली म्हणजे किती?"

"एवढी." तो पोट टेकवून वाकला.

"एवढ्याने कशी जाईल? पाय तर जमिनीवरच आहेत."

"बरं, एवढी." तो आणखी पुढे झुकला. टाचा सुटल्या. चवड्यांवर भार आला.

"हां. आणि मग?"

"मग घोटे धरायचे आणि वर उचलायचं. अंगाचं वजनच पुढचं काम करतं."

"असे धरायचे?"

डाव्या घोट्याभोवती आईची हाडकुळी बोटं आवळली गेली. त्याला गुदगुल्या झाल्या. एकटी म्हातारी काय उचलणार, असं तो म्हणणार होता. तेवढ्यात उजवा घोटाही कोणीतरी पकडला. ती पकड तरुण होती आणि चहाने चिकट झालेली होती.

खाली सिमेंटचं पोतं आदळल्यासारखा आवाज झाला.

कोणीतरी ओरडलं. माणसं धावली. आता या दोघींनाही रडायला हवं होतं. सुनेने तोंड उघडलं, तेवढ्यात हॉलमध्ये फोन वाजला. आईने पदराला हात पुसून तो उचलला.

"आजी, साहेबांना सांगा, बाल्कनीवाली केबिन मिळतेय," एजंट म्हणाला. "पक्की करू?"

"आत्ता लगेच नको. पुढच्या हंगामातली बघा."

"चालेल. दोघांचंच ना?"

आईने सुनेच्या कपाळावरचं रक्त पदराने टिपलं.

"दोघींचं," ती म्हणाली.