मागून येणारी हाक

मॅच पॉइंट त्यांचा होता. जाळीपलीकडे पुढे वाकून उभी होती हेमांगी, शाळेपासूनची माझी जोडीदार. यंदा क्लबच्या कोच सरांनी आमची जोडी फोडली आणि दोघींनाही तरुण पोरी जोडीला दिल्या. मी "बरं सर" म्हटलं आणि रॅकेटची ग्रिप बदलत बसले. रडूबिडू आलं नाही.

आमची वाटणी ठरलेली असायची. ती पुढे, मी मागे. शटल आत पडणार की बाहेर, हे मी सांगायचं. मी "सोड" म्हटलं की ती दुसरा विचार न करता हात खाली घ्यायची.

आता मी उंच मारलेलं शटल तिच्या डोक्यावरून निघालं आणि मला कळलं, हे बाहेर जाणार. तोंडातून निघूनच गेलं, "सोड!"

हेमांगीनं उचललेला हात तिथेच खाली घेतला. शटल रेषेबाहेर पडलं. आम्ही हरलो.

"कुणाला सांगत होतीस?" माझी नवी जोडीदार ओरडली. मला काहीच वाटत नव्हतं. जाळीवरून मिळवलेला हेमांगीचा हात घामानं ओला होता, एवढंच कळलं.

ती हळूच म्हणाली, "मी शटल बघितलंच नाही गं."