मोराची मान

मोराची मान पुन्हा बदलली होती.

अमरेशने रिकामा डबा बाजूला ठेवला आणि संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिला. जेवायला उठताना त्याने मान सरळ काढून ठेवली होती. आता ती मागे वळली होती, कोणीतरी हाक मारल्यासारखी. खाली बारीक अक्षरे होती : शेवटचा बदल, ईरप्पा, दुपारी २.१०.

ईरप्पा म्हणजे त्याचे वडील, सगळ्यांचे अप्पा. त्यांना जाऊन अकरा महिने झाले होते.

अक्कलकोट रोडवरच्या या लहानशा कारखान्यात चार माग होते. चादरी सगळेच विणत, पण ईरप्पांचे डिझाइन व्यापारी दुरून ओळखत. प्रत्येक डिझाइनच्या कोपऱ्यात त्यांची सही असे. ते गेल्यावर अमरेशने जुनीच डिझाइने विणली. आठ दिवसांपूर्वी त्याने पहिल्यांदा स्वतःचे काढायला घेतले. परवा व्यापारी नमुना बघायला येणार होता. आवडला तर ठीक. नाहीतर ईरप्पांच्या मागे त्या घरात कोणी उरले नाही, असे बाजारात म्हटले जाणार होते.

आणि डिझाइन काढायला घेतले त्याच दिवसापासून हे सुरू झाले. आधी एक पाकळी. मग काठावरची वेल. आता मान. संध्याकाळी तो सगळे पुन्हा आपल्यासारखे करून ठेवी. दुसऱ्या दुपारी, माग जेवणासाठी थांबले आणि कारखान्यात अचानक शांतता झाली, की ते परत बदलत असे.

एकदा त्याने खोलीला कुलूप घातले आणि किल्ली मुठीत धरून दाराबाहेर बसला. आत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. तीन वाजता त्याने दार उघडले. पाकळी बदललेली होती. भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोवरचा हार मात्र हलला नव्हता.

"अमरेशभाई, अप्पांसाठीपण एक डबा आणत जा की," मागावरचा शाकीर म्हणाला. मग मालकाचा चेहरा बघून त्याने हसू आवरले. "न्हाय, म्हणजे, वाईट काय करत नाहीत ते. चांगलंच करून जातात."

हेच अमरेशला सहन होत नव्हते. बदललेली मान खरोखरच चांगली होती.

त्याच दिवशी फोनवर सूचना आली. ऑनलाइन साठवणीची वर्षाची वर्गणी आज संपत होती. जागा कधीच भरून गेली होती. पैसे भरले नाहीत तर फायली जिथल्या तिथे राहतील, एकमेकींशी जुळणार नाहीत, असे त्यात लिहिले होते.

ही वर्गणी कशासाठी, हे त्याला कधीच कळले नव्हते. संगणक इथे, माग इथे, मग फायलींची प्रत कुठेतरी आभाळात कशाला? वडील होते तेव्हा त्याने एकदा विचारले होते. एका चहाचे दोन कप करणारे ते काटकसरी गृहस्थ. पण त्यांनी एवढेच सांगितले, "ते बंद करायचं न्हाय. त्याच्यावर घर चाललंय."

अमरेश बराच वेळ फोन हातात धरून बसला. जो कोणी येतो, तो याच वाटेने येत असावा. त्याने पैसे भरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मान पुन्हा सरळ केली. दुपारी दोन वाजले, मग सव्वादोन. मान सरळच राहिली. अडीच वाजता त्याने फाईल बंद करून पुन्हा उघडली. सरळ. त्याला हायसे वाटायला हवे होते. पण कोणीतरी बोलता बोलता उठून गेल्यासारखे वाटले. त्याने कोपऱ्यात स्वतःची सही केली आणि नमुना मागावर चढवायला दिला.

संध्याकाळी शाकीरने चादर पसरली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने तो ती बघत राहिला.

"बोल की बे," अमरेश म्हणाला.

"मोरच हाय," शाकीर म्हणाला. "पण मेलेला वाटतोय."

चादरीची घडी काखेत घेऊन अमरेश घरी आला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्याची आई, रंभाबाई, मांडीवर टॅब घेऊन बसली होती. दिवसभर टॅब तिच्यापाशी असे. ती मालिका बघते असे घरात सगळे धरून चालत.

"अमरेश, हे बघ की रे," ती वर न बघता म्हणाली. "आज दुपारधरनं तुजा मोर हितं आलाच न्हाय. वर्गणी भरायची राहिली का काय? तुज्या अप्पांनी एक दिवस चुकवलं न्हाय कदी."

अमरेश खाली बसला. टॅबवर मोर होता. मागे वळलेल्या मानेचा, कालचा.

"अव्वा, हे तू उघडतीस?"

"मग? रोज जेवण झालं की बसते. तू रोज परत बिगडवून ठेवतोस. मला वाटलं, हट्ट असंल तुजा."

त्याला लहानपणीची दुपार आठवली. तेव्हा अप्पा डबा नेत नसत. जेवायला घरी येत, काखेत डिझाइनच्या ग्राफ कागदाची गुंडाळी घेऊन, आणि तीन वाजता ती घेऊन परत जात. संगणक आला, ही वर्गणी सुरू झाली, आणि अप्पा डबा नेऊ लागले.

"पण खाली नाव अप्पांचं येतंय."

"त्यांच्याच नावानं उघडून दिलंय त्यांनी. मला काय करायचंय नावाचं?"

त्याने चादर उलगडली. आईने मोराच्या मानेवरून बोट फिरवले, ती सरळ झाली तिथे थांबवले, आणि नकारार्थी मान हलवली.

"अव्वा," अमरेशने विचारले, "अप्पांचा मोर... अप्पा कसा काढायचे?"

रंभाबाईने आश्चर्याने त्याच्याकडे बघितले.

"त्यांना मोर कुटं येत हुता रे? ते सही करायचे."