दारातलं अंथरूण

पातेल्यावरचं झाकण तिच्या हातातून निसटलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. दुपारच्या चिडीचूप घरात तो आवाज संपता संपेना. तिनं झाकणावर पाय ठेवून त्याला गप्प केलं आणि आतल्या खोलीकडे पाहिलं.

सतरंजीवर मुलं ओळीनं झोपली होती. एकानं कूस बदलली. एकीनं तोंडातला अंगठा काढला, पुन्हा घातला. दारात, उंबरठ्याला लागून आडव्या झालेल्या मावशीची मात्र पापणीही हलली नाही.

तिला नवल वाटलं. लहानपणी ती याच खोलीत झोपायची तेव्हा गोळीचा कागद नुसता चुरचुरला तरी मावशी डोळे न उघडता म्हणायची, "एकटीनं खाल्लं की पोट दुखतं हं." मग ती गोळी दातांनी फोडून सगळ्यांना द्यावी लागे.

आज ती या पाळणाघराची तपासणी करायला आली होती. दारात तिनं ओळखपत्र दाखवलं होतं. ओळख दाखवली नव्हती. मावशीनंही "या बाई" म्हणून तिला सगळं घर मोकळं करून दिलं होतं. "मुलं मोजून घेते, मोजून परत देते. त्याला किती तारे द्यायचे ते तुम्ही ठरवा."

गॅसची नळी नवी होती. सुऱ्या वरच्या फळीवर, औषधं कुलपात, विजेच्या प्लगांना झाकणं. राहिली होती ती फक्त आतल्या खोलीची खिडकी. तिकडे जायची वाट एकच, मावशीवरून.

मावशीची झोप कशाला मोडायची, म्हणून तिनं श्वास रोखला. पुढचं सगळं पायांना पाठ होतं. गुडघा पोटाशी घ्यायचा, मग पलीकडे अलगद चवडा टेकायचा, आणि मावशीच्या पोटाकडे बघायचं नाही, नाहीतर हसू येतं.

चवडा टेकला, आणि घोट्याभोवती हाताची पकड बसली.

"कुठे निघालीस, भिंगरी?"

मावशीचे डोळे अजून मिटलेलेच होते. मग ते उघडले, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"अगं बाई! म्हणजे सकाळपासून तूच साहेबीण होऊन फिरतेयस होय माझ्या घरात?"

"कसं ओळखलंस गं?"

"तोंडावरून नाही ओळखलं. सगळी मुलं उजवा पाय आधी टाकतात. डावा टाकणारी तू एकटी. पहिल्यापासून उरफाटी!" मावशी चांगली खणखणीत बोलत होती. मुलांना त्याची सवय असावी. कुणी हललं नाही. घोटा अजून तिच्या हातात होता. "पाय भरलाय. लेकरू झालं वाटतं?"

"मुलगी. दीड वर्षाची आहे."

"आत्ता कुठे असते?"

"मोठ्या केंद्रात. पाच तारे आहेत त्याला. झोपलेली मला फोनवर दिसते."

"दिसते ना? मग झालं." मावशीनं पाय सोडला.

ती खिडकीशी गेली. कडी लावून पाहिली, गज हलवून पाहिले. पाठमोरीच म्हणाली, "मावशी, मघाशी झाकण केवढ्यानं पडलं! तुला जाग कशी नाही आली?"

उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं. अंगठा चोखणारी चिमुरडी डोळे चोळत उठून बसली. मावशी खाली बघून चादरीची चुणी सारखी करत होती. तिनं जवळ जाऊन खांद्याला बोट लावलं, तेव्हा मावशीनं मान वर केली आणि हसून तिच्या ओठांकडे पाहिलं.

"काही म्हणालीस?"

"काही नाही," ती म्हणाली.

हातातल्या टॅबवर पुढचा प्रश्न येऊन थांबला होता. मुलं झोपलेली असताना बाहेर पडायची वाट मोकळी असते का? खाली 'हो' आणि 'नाही'. इथे एक 'नाही' पडलं, की या घराचा परवाना पुढे चालू राहणार नव्हता.

ती मावशीच्या पुढ्यात बसली आणि एकेक शब्द सावकाश बोलली. "मावशी, धूर झाला, आग लागली, तर मुलं पळणार कुठून? दारात तूच आडवी. अंथरूण त्या भिंतीकडे घे, रोजच. म्हणजे मी 'हो' लिहीन. नाहीतर ते पाळणाघर बंद करतील."

मावशीनं सगळं तिच्या ओठांवरून नीट वाचून घेतलं. मग दाराकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं.

"बंद नको," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं. तुझं ऐकायची वेळ आली म्हणायची माझ्यावर, भिंगरे!"

एक हात गुडघ्यावर, एक चौकटीवर, अशी ती उठली. अंथरूण गोळा करून तिनं लांबच्या भिंतीशी पसरलं आणि आज्ञाधारकपणे त्यावर आडवी झाली. दार मोकळं झालं. बाहेरच्या खोलीतला उजेड सरळ आत, मुलांच्या पायांपर्यंत आला. उंबरठ्यालगतची फरशी तेवढी मावशीच्या लांबीरुंदीची, गुळगुळीत झालेली दिसत होती.

ती 'हो'वर बोट टेकवणार, तोच कुणीतरी तिची ओढणी ओढली. ती जागी झालेली चिमुरडी होती. भिंतीशी झोपलेल्या मावशीकडे बघत, कुजबुजायची काही गरजच नसल्यासारखी, तिनं चांगलं मोठ्यानं विचारलं,

"मावशी तिकडे झोपली, तर आम्ही उठलो की तिला कळणार कसं?"