लाल ठिपका

बंद पडलेल्या खाणीची टेकडी आपण हिरवीगार केली, असा खाण कंपनीचा दावा होता. आमच्या सरकारी कार्यालयातले साहेब मला म्हणाले, "मॅडम, उपग्रहाचं चित्र बघा, अहवाल लिहा आणि हिरवळ कुणी केली त्यांचं नाव टाका. उद्या कंपनीचा सत्कार आहे. उगाच फाटे फोडू नका."

उपग्रहाच्या अवरक्त (इन्फ्रारेड) चित्रात जिवंत पान लाल दिसतं आणि प्लास्टिक करडं. अख्खी टेकडी करडी होती! रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी नुसती प्लास्टिकची हिरवी जाळी अंथरली होती. उपग्रह थोडाच तिला भुलतो?

पायथ्याशी मात्र एक लाल ठिपका होता, म्हणून दुपारी तिथे गेले. खाणीच्या पहारेकऱ्याच्या बायकोने धुण्याभांड्याच्या पाण्यावर तीसेक झाडं जगवली होती. तिच्या दारावर कंपनीची नोटीस होती : अतिक्रमण आहे, झाडं तोडा.

"ताई, माझं काही चुकलं का हो?" तिने विचारलं.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "टाकलं का नाव?"

"टाकलं की. पुरावाही जोडलाय."


नावाच्या रकान्यात पहारेकऱ्याची बायको होती, आणि मागे टाचलेली, तिला आलेली कंपनीची नोटीस.