मावशीची पसंती

“केलेलं काम आधी घरच्या माणसाला वापरायला दे गं पोरी. परका गुपचूप निघून जातो, घरचा कान धरतो.” पहिल्या नोकरीतल्या बाईंचं हे सांगणं वेबसाइट बनवणाऱ्या भाचीच्या मनात अजून घुमायचं. म्हणून तिने केलेली प्रत्येक वेबसाइट आधी मावशीच्या फोनवर जायची.

मावशीला दिसत नव्हतं. पडद्यावर बोट फिरवलं की तिचा फोन तिथलं वाचून दाखवायचा. फुलझाडांच्या दुकानाची नवी वेबसाइट तिने फोन कानाशी धरून ऐकली आणि म्हणाली, “छान झालीय गं, माझे बाई!”

भाची हरखली. उद्याच तर नव्या नोकरीची मुलाखत होती.

“मावशी, मी छातीठोकपणे सांगणार, माझी वेबसाइट न दिसणाऱ्यांनाही वापरता येते. पटत नसेल तर माझ्या मावशीला फोन लावा!”

मावशी फोन या हातातून त्या हातात करत राहिली.



“मला फोन लावायला नको सांगूस गं राणी, तुझं मन मोडवेना म्हणून छान म्हटलं, पण तुझ्या त्या बागेत हा मेला फोन नुसता ‘चित्र, चित्र, चित्र’ म्हणत सुटतो, गुलाब आहे की कोबी ते काही सांगत नाही!”